ऐकणाऱ्याचा दिवा

नाम येवननं पहिल्याच भेटीत विनयाच्या कानाला आपला कान लावला. धड ओळख झाली नव्हती, विनयाच्या हातातला चहाचा कपही अजून खाली ठेवलेला नव्हता. तेवढ्यात ही पन्नाशीची, केस बारीक कापलेली बाई खुर्ची ओढून जवळ आली, "हलू नका" म्हणाली आणि गालाला गाल लागेल इतकी खेटून, श्वास रोखून बसली.

"काही ऐकू येतंय?" विनयानं शेवटी विचारलं.

"नाही." येवन मागे सरली. "फार थोड्यांच्या कानातला आवाज असा ऐकू येतो. पण दरवेळी वाटतं, हाच तो असेल."

दुसऱ्या कुणी याला वेडेपणा म्हटलं असतं. विनयाला तसं वाटलं नाही. माणसाचा कान आवाज करतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती श्रवणतज्ज्ञ होती, आणि एका दिवसाच्या बाळांच्या कानात इवलीशी नळी घालून तोच आवाज तपासणं हे तिचं रोजचं काम होतं. मग नवऱ्याची, मोरेश्वर तांडेलची, बदली कोरियात बुसानला झाली. तो मूळचा मुंबईजवळच्या करंजा गावचा, जहाजांचा सर्वेक्षक. नव्या जहाजाचं जोडकाम, टाक्या, तळ तपासून सही करणारा. पगार दुप्पट झाला, समुद्र दिसणारं घर मिळालं, आणि विनयाची पदवी मात्र तिथं चालेना. तीन वर्षं तिनं खिडकीतून क्रेन पाहिल्या, कोरियन शिकली, लोणची घातली. त्यानंतर बुसानच्याच यंगदो बेटावरच्या एका जुन्या गोदामात काम करणाऱ्या कलावंतांना कानाची माहिती असलेलं माणूस हवंय, असं तिला शेजारणीकडून कळलं.

ते गोदाम पूर्वी मासेमारीच्या जाळ्यांचं होतं. अजून भिंतींना डांबराचा वास येई. येवन आवाजाचं काम करी आणि तिचा जोडीदार पे जूहो उजेडाचं. दोघं मिळून जे उभं करत त्याला नाटकही म्हणता येत नसे आणि मैफलही. येवन ओला दोर पोलादी पत्र्यावरून ओढी, गंजलेल्या साखळीवर व्हायोलिनचा गज फिरवी. पत्र्याला चिकटवलेले मायक्रोफोन ते कण्हणं शंभरपट करून सोडत आणि जूहोचे दिवे त्या आवाजाच्या लाटांवर हलत. त्यांच्या नव्या प्रयोगाचं नाव होतं ‘ग्वी’. कोरियन भाषेत ग्वी म्हणजे कान. भुताखेतांच्या नावांतही हाच उच्चार येतो, असं येवननं हसत सांगितलं.

त्यातलं विज्ञान विनयाला पहिल्या आठवड्यातच उलगडलं. कान म्हणजे आवाज आत यायचा रस्ता, एवढंच आपण धरून चालतो. पण आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या त्या वेटोळ्यात, ज्या पेशी असतात त्या नुसत्या आवाज झेलत नाहीत. त्या स्वतः थरथरतात, आलेला आवाज मोठा करतात. त्या थरथरीचा एक अतिशय बारीक प्रतिध्वनी उलट्या वाटेनं कानाबाहेर येतो. आणि या पेशींची दोरी मेंदूच्या हाती असते. मेंदूकडून कानाकडे उतरणाऱ्या नसा त्यांना ताणतात, सैल सोडतात. समोरचा बोलत असताना लक्ष त्याच्याकडे असेल तर पेशी एका तऱ्हेनं थरथरतात, मन भलतीकडे असेल तर दुसऱ्या. आजवर हा फरक प्रयोगशाळेत तासन्‌तास मोजून जेमतेम सापडे. एका विद्यापीठानं केसाहून पातळ पडद्याचा मायक्रोफोन काढला आणि तोच फरक क्षणात हाती येऊ लागला. येवननं तो मायक्रोफोन मागून आणला होता. प्रत्येक कान वेगळा. यंत्राला त्याची ओळख करून द्यायची, खोटे आवाज गाळायचे, हे काम विनयाचं.

पहिल्या प्रयोगाला साठ माणसं होती. प्रत्येकाच्या कानावर एक वाटी आणि डोक्यावर काचेची उभी नळी. येवननं पत्र्यावर दोर ओढला आणि अंधारात एकेक नळी उजळू लागली. जो ऐकत होता त्याची नळी केशरी होई, मन भरकटलं की विझे. साठ जणांच्या कानांतून निघणारे आवाज खालच्या पट्टीत आणून गोदामात सोडलेले होते; माणसं स्वतःचं ऐकणंच ऐकत होती. मध्येच कुणाचा तरी फोन थरथरला आणि एका कोपऱ्यातला उजेड वारा लागल्यासारखा मालवला. विनयाच्या अंगावर काटा आला. कितीतरी दिवसांनी तिला आपले हात कामाचे वाटले.

प्रयोगाच्या उत्तरार्धात मधोमध दोन खुर्च्या ठेवत. ओळखीची दोन माणसं समोरासमोर बसत; आधी एक बोले, चार मिनिटांनी दुसरा. त्यांचे शब्द प्रेक्षकांना ऐकू जात नसत आणि कुठं साठवलेही जात नसत. दिसे फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यावरचा दिवा आणि ऐकू येई त्याच्या कानाचा घुमारा. मायलेकी बसत, मित्र बसत. नवरा-बायको फारसे बसत नसत.

मार्चमधल्या एका संध्याकाळी ठरलेली जोडी आली नाही. मोरेश्वर विनयाला न्यायला आला होता, दाराशी छत्री झटकत उभा होता. येवननं त्याला पाहिलं आणि विनयाकडे वळली.

"तुम्ही दोघं बसाल?"

"मोरेश्वर नाही बसायचा," विनया म्हणाली.

पण मोरेश्वर छत्री भिंतीला टेकवून म्हणाला, "कुणाला ऐकू जात नाही ना? मग बसू की."

आधी विनया बोलली. काय बोलावं हे ठरवलेलं नव्हतं, म्हणून मनात होतं ते बोलली. या गोदामात आल्यापासून आपण पुन्हा कुणीतरी झालोत असं वाटतं. सकाळी उठताना अंग जड नसतं. आणखी पाचेक वर्षं हेच करायला मिळालं तर काही मागणं नाही. मोरेश्वरच्या डोक्यावरचा दिवा पहिल्या वाक्याला पेटला तो पूर्ण चार मिनिटं तसाच राहिला. लोकांत कुजबुज झाली. इतका स्थिर उजेड त्यांनी पाहिला नव्हता.

मग त्याची पाळी आली. तो बोलायला लागला, खाली मान घालून, हाताची बोटं एकमेकांत अडकवून. आणि त्याच वेळी विनयाच्या कानावर तिसऱ्या रांगेतून एक बारीक खरखर आली. कुठली तरी वाटी सैल बसली होती. विनयाचं मन तिकडे गेलं. वाटी कुणाची, तार कुठून गेली आहे, प्रयोग संपल्यावर काय बदलायचं. मोरेश्वरचे ओठ हलत होते, त्याच्या आवाजाची चाल तिच्या ओळखीची होती; नेहमीचंच असणार, जहाज, साहेब, करंजा, दादा. तो थांबला आणि त्यानं मान वर केली.

"हं," विनया म्हणाली.

घरी जाताना पुलावर त्यानं तिचा हात धरला. तो असं सहसा करत नसे. "बरं वाटलं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विनयानं नोंद उघडली. मोरेश्वर बोलत होता तेवढा सगळा वेळ तिची रेघ सपाट होती. एकदाही उचलली नव्हती. वाटीचा दोष असेल म्हणून तिनं आपली वाटी तपासली. ती ठीक होती. आधी तालमींत ती परक्या माणसांसमोर बसली होती, तेव्हा खरखर ऐकतानाही त्यांच्या बोलण्याला तिच्या नळीनं उजेड दिला होता, तेही नोंदीत होतं. तिनं संगणक बंद केला. आज घरी गेल्यावर विचारू, काय म्हणत होतास ते पुन्हा सांग, असं तिनं ठरवलं. पण त्या दिवशी मोरेश्वर शीळ घालत बांगडे साफ करत होता, आणि तिला विचारवेना.

दोन आठवड्यांनी तो केकचं खोकं घेऊन घरी आला.

"दिला एकदाचा," तो म्हणाला.

"काय?"

"राजीनामा. हातातलं जहाज पुरं करून द्यायचं, मग मोकळा. दिवाळीनंतर करंजाला. दादा फायबरच्या बोटींचा कारखाना वाढवतोय, त्याला माणूस हवाच आहे." तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो थबकला. "अगं, तू हं म्हणालीस ना त्या दिवशी? ते सगळं ऐकून हं म्हणालीस, म्हणून तर मला हिंमत झाली."

खरं बोलायची वेळ हीच होती. विनयाच्या तोंडून निघालं, "इतक्यात देशील असं नव्हतं वाटलं."

"तुझं बरं आहे," तो हसला. "दुसरी कुणी असती तर रोज विचारून विचारून जीव खाल्ला असता. तू एका शब्दानंही विषय काढला नाहीस. मला कळतं ते."

विनयानं केक कापला. तो कशाबद्दल बोलतोय हे तिला ठाऊक नव्हतं. शब्द कुठं साठवलेले नव्हते. तो नियम तिनंच येवनकडून पक्का करून घेतला होता. ती आडवळणानं विचारू लागली. "आता कसं वाटतंय?" असं विचारलं की तो म्हणे, "आता ठीक. शेवट दिसतोय ना." एकदा तिनं विचारलं, "डॉक्टरकडे जायचं का?" त्यावर तो चपापला, मग म्हणाला, "नको, कामावर नोंद होईल." आजार? कसला? त्याच्या झोपेकडे, जेवणाकडे ती चोरून पाहू लागली. तिला काहीच सापडलं नाही.

त्या उन्हाळ्यात ‘ग्वी’ गोदामात मावेनासा झाला. आधी सेऊल, मग क्योतो, मग बर्लिन. एका कंपनीनं तोच मायक्रोफोन कानात बसेल एवढा केला, त्याला छातीवर लावायचं, ऐकताना उजळणारं, शर्टाच्या बटणाएवढं भिंग जोडलं आणि बाजारात आणलं. लोक त्याला नुसतं ‘दिवा’ म्हणत. बँकेत खिडकीमागचे कारकून दिवा लावून बसू लागले. एका शिकवणीनं वर्गातल्या प्रत्येक मुलाला दिवा सक्तीचा केला आणि पालकांना रोज संध्याकाळी त्याचा आलेख जाऊ लागला. लग्न जुळवणाऱ्या संस्थांनी पहिल्या भेटीला दिवे ठेवले. माणसं शिकली की मान हलवून, डोळ्यांत पाहून भागत नाही. आणि समोरच्यानं दिवा लावलेला असला की बोलताना त्याच्या तोंडाऐवजी छातीकडे पाहायची सवय लागली.

येवन यावर चिडत नसे, खूशही नसे. "मी लोकांना अंधार दाखवायला निघाले होते," ती एकदा विनयाला म्हणाली. "साठ माणसं बसलीत आणि कुणीच सगळं ऐकत नाही, तरी खोली जिवंत आहे. मला ते सुंदर वाटलं होतं. यांना वाटलं, अंधार म्हणजे बिघाड."

कंपनीनं जाहिरातीसाठी प्रयोगांची चित्रफीत मागितली. करारात ती द्यायची होतीच. त्यातला एक तुकडा जगभर फिरला. दोन खुर्च्या. बाई बोलते, पुरुषाच्या डोक्यावर केशरी उजेड, समईसारखा. मग पुरुष बोलतो, बोलता बोलता हाताच्या पाठीनं डोळे पुसतो, आणि बाईच्या डोक्यावर मिट्ट काळोख. खाली कुठल्या कुठल्या भाषांत माणसं त्या बाईला शिव्या घालत होती.

डोळे पुसल्याचं विनयाला त्या फितीतूनच कळलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी मोरेश्वर बाजारातून आला. हातात भाजीची पिशवी होती. ती ओट्यावर ठेवून तो तिच्यासमोर बसला.

"परवा यार्डातल्या कँटीनमध्ये पोरांनी ती फीत दाखवली मला. म्हणाले, हा तूच ना? बायको फार रागावली होती का रे, असं विचारत होते." त्याचा आवाज शांत होता. "मी म्हटलं, नाही, तिनं ऐकलं सगळं. यंत्र बिघडलं असेल. यंत्र बिघडलं होतं का, विनू?"

"नाही."

"काय सांगितलं होतं मी?"

"करंजाला जायचं, दादाच्या..."

"ते तर मी राजीनाम्याच्या दिवशीही सांगितलं. त्या संध्याकाळी आणखी काय सांगितलं?"

"तुझ्या तब्येतीचं काहीतरी."

"काय?"

तिनं ओट्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"एक शब्द तरी?"

"नाही ऐकला," ती म्हणाली. "एकही नाही. तिसऱ्या रांगेत खरखर येत होती. आणि नुसती तेवढीच नाही रे. मी नोंदी पाहिल्यात. जुन्या जोडप्यांत बहुतेकांचा अंधारच असतो. मेंदूला जे आधीच ठाऊक असतं त्यासाठी तो कान उघडतच नाही. इतक्या वर्षांनी माणसाचं बोलणं त्याला ओळखीचं..."

"म्हणजे मी पाठ झालोय तुला."

तिनं मान खाली घातली. खरं तेच होतं.

तो उठला, खिशातून एक लहान डबी काढून टेबलावर ठेवली. नवा कोरा दिवा. "लाव. परत सांगतो. एकदाच सांगता येईल असं होतं ते, पण सांगतो."

तिनं कानात बसवलं, भिंग छातीवर लावलं. मोरेश्वर बोलू लागला. पहिल्या वाक्याला भिंग केशरी झालं. दुसऱ्याला विनयाच्याच मनात आलं, आता विझलं तर? आणि ते मंदावलं. तो थांबला, शब्द बदलून तेच पुन्हा म्हणाला. भिंग उजळलं. तो भिंगाशी बोलत होता, प्राण्याला चुचकारावं तसा. वाक्यं आखूड करत होता, मधले दम गाळत होता. विनयाला ते पाहवेना. तिनं दोन्ही काढून डबीत टाकलं.

"मग मला कसं कळायचं, तू ऐकतेयस की नाही?"

"नाही कळणार," ती म्हणाली. "सांग तरी."

त्यानं डबी बाजूला सारली. मग बोलला, अडखळत. जहाजाच्या तळाशी दोन पत्र्यांमध्ये टाक्या असतात. माणूस जेमतेम सरपटेल एवढ्या. अठरा वर्षं तो त्यांत बॅटरी घेऊन शिरत आला. दोन वर्षांपूर्वी एका टाकीत त्याच्या पाठीमागचं झाकण कुणीतरी चुकून लोटलं. लगेच उघडलंही. पण तेव्हापासून त्याला आत जाता येईना. भोकात डोकं घातलं की छाती आवळे, हात लाकडासारखे होत. एकदा त्यानं आतच चड्डी ओली केली आणि वाफेच्या पाण्यानं भिजलो असं सांगितलं. आता एक हाताखालचा पोरगा आत जातो आणि मोरेश्वर बाहेर बसून त्याच्या शब्दावर सही करतो. लिफ्टमध्ये तो डोळे मिटून उभा राहतो. पुलाखालच्या बोगद्यात बस शिरली की मनात आकडे मोजतो. "बापसानं समुद्रात अर्धं आयुष्य काढलं आणि मला डब्याची भीती वाटते, हे कुणाला सांगू? त्या गोदामात म्हटलं, इथं कुणाला ऐकू जात नाही. फक्त तुला जाईल."

विनयानं त्याचे हात धरले. ते खरंच लाकडासारखे झाले होते. दोन वर्षं हा माणूस तिच्या शेजारी लिफ्टमध्ये डोळे मिटून उभा होता.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"ते राहू दे. आता सांग. येशील ना करंजाला?"

"तुझा दिवा पूर्ण वेळ पेटलेला होता," ती म्हणाली. "मी काय सांगितलं होतं त्या दिवशी?"

"गोदामात आल्यापासून तू पुन्हा कुणीतरी झालीस," तो लगेच म्हणाला. "सकाळी अंग जड नसतं. आणखी पाचेक वर्षं हेच करायला मिळालं तर तुझं काही मागणं नाही." एकेक शब्द त्याच्या लक्षात होता.

"आणि दोन आठवड्यांनी राजीनामा दिलास."

मोरेश्वर तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर चुकवाचुकवी नव्हती. हा प्रश्न त्याला खरोखरच पहिल्यांदा पडत होता. खाली यार्डात भोंगा झाला.

"मी बघतो उद्या," तो अखेर म्हणाला. "साहेबांना सांगून राजीनामा मागे घेता येतो का."

"नको." ती जवळजवळ ओरडली. "त्या टाकीच्या तोंडाशी पुन्हा जाऊन बसायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. तू जा करंजाला."

"आणि तू?"

"मी नाही येत."

या वेळी तिला त्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला होता, आणि म्हणूनच तिला त्याला थांबवता येत नव्हतं. आणि मोरेश्वरनंही तिचं ऐकलं होतं. आता त्याला "चल" म्हणता येईना.

"मग आपलं काय?" त्यानं विचारलं.

पूर्वीची विनया काहीतरी बोलून गेली असती, होईल काहीतरी, बघू, असं. आज ती बोलली नाही. टेबलावर ऊन आलं होतं. दोघं तसेच बसून राहिले, हात हातात धरून, आणि ओट्यावरची भाजी बराच वेळ पिशवीतच राहिली.